दोन कानांचा नट

माझ्या मोठ्या दिरांनी माझ्या हातून गाडीची किल्ली काढून घ्यायला लावली आणि मी ती त्यांच्याच घरात, त्यांच्याच पूजेच्या दिवशी परत मिळवली. याला आता पुष्कळ वर्षं झाली. माझी जाऊ म्हणते, सोडून दे गं, किती दिवस धरून बसशील? मी धरूनच बसलेली आहे. ती दुपार आठवली की मला अजून चहा जास्त गोड लागतो.

ऐंशीचं दशक संपत आलेलं. आम्ही ठाण्याला वर्तकनगरच्या कॉलनीत राहायचो. मी, माझे मिस्टर आणि सासूबाई. दीर डोंबिवलीला, एमआयडीसीत त्यांचं स्वतःचं वर्कशॉप होतं. त्यांनी नवी गाडी घेतली तेव्हा जुनी आम्हाला दिली. क्रीम रंगाची, चौकोनी तोंडाची, माझ्या लग्नाच्याही आधीची गाडी. घरातली गाडी घरातच राहायला हवी, असं ते म्हणाले. बाहेरची गाडी असती तर आपण चार माणसांना दाखवली असती, बॉनेट उघडून बघितलं असतं. घरातल्या गाडीचं बॉनेट उघडायचं म्हणजे घरातल्या माणसावर संशय घेणं. आम्ही नारळ फोडला, हार घातला आणि गाडी घेऊन आलो.

गाडीबरोबर देवही आला. डॅशबोर्डवर गणपतीची छोटी फ्रेम होती आणि तिच्यासमोर लाल रंगाचा इवलासा दिवा. त्या दिव्याची गोष्ट आमच्या घराण्यात सगळ्यांना पाठ होती. सासूबाईंचं मोठं ऑपरेशन झालं, तेव्हा दिरांनी त्यांना याच गाडीतून दवाखान्यात नेलं होतं. वाटेतच नवस बोलले, की आई यातून उठली तर हा दिवा मी कधी विझू देणार नाही. सासूबाई उठल्या. मग दिरांनी बॅटरीवरून थेट वायर आणून दिवा असा जोडला, की किल्ली असो नसो, तो रात्रंदिवस पेटलेलाच. लग्नात, मुंजीत, बारशात, जिथे चार डोकी जमतील तिथे ते ही गोष्ट सांगायचे. आई आज दिसते आहे ना, ती त्या दिव्यामुळे. सासूबाई शेजारी मान खाली घालून बसायच्या. गाडी देताना ते म्हणाले, "आई तुमच्याकडे, तर दिवाही तुमच्याकडे. सांभाळा."

गाडी चालवायची मी. मिस्टरांनी लायसन्स काढलेलं, पण त्यांना मनापासून आवड नव्हती. मला होती. मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होते. दिवसभर कानाला हेडफोन आणि दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायची. स्टिअरिंगमागे बसलं की पहिल्यांदाच कुठे जायचं ते माझं मी ठरवायची. सासूबाईंना तलावपाळीवर फिरवून आणायची, भाजी आणायची, पावसाळ्यात ऑफिसलाही गाडीच न्यायची. कॉलनीत तेव्हा गाडी चालवणारी बाई मी एकटीच होते. ते काही जणांना आवडायचं नाही हे मला दिसत होतं, आणि त्यामुळे मला अजूनच आवडायचं.

मग बॅटरी उतरायला लागली. संध्याकाळी धडधाकट असलेली गाडी सकाळी मेलेली. किल्ली फिरवली की नुसता टक्‌ असा आवाज, देवाचा दिवा तेवढा मिणमिणत असायचा. रोज नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा. मग ढकलायचं. तळमजल्यावरचे एक काका बनियनवर बाहेर यायचे आणि ढकलायला हात न लावता "सेकंडमध्ये टाका, सेकंडमध्ये!" म्हणून ओरडायचे. गेटपाशी पाटी घेऊन बसणारी कोळीण मात्र खरोखर पदर खोचून मदतीला यायची. ढकलताना म्हणायची, "बाय, तुजी गारी रोज रुसते काय गो?" तिचं मला वाईट वाटलं नाही. कोण कोण गॅलरीत उभं राहून हसत होतं, ते मात्र माझ्या नीट लक्षात आहे.

माजिवड्याला हायवेच्या कडेला एक गॅरेज होतं. तिथला मेकॅनिक प्रत्येक वेळी आधी देवाला नमस्कार करायचा आणि मग कामाला लागायचा. पहिल्यांदा म्हणाला डायनामो गेलेला आहे. तो केला. मग म्हणाला बॅटरीतच दम नाही. तीही बदलली. मग सेल्फ काढला आणि परत लावला. एकदा बॅटरीची वायर सोडवताना तो म्हणाला, "हा नट कोणी लावला, मॅडम? मस्त आहे. पाना लागतच नाही." बॅटरीच्या पट्टीला साधा षटकोनी नट असतो. आमच्या गाडीला दोन कानांचा होता, बोटांनी फिरवायचा, सायकलच्या चाकाला कधीकधी असतो तसा. मी तेव्हा लक्ष दिलं नाही. बॉनेट वर उचललेलं, त्यामुळे आत डॅशबोर्डवर काय होतंय तेही दिसलं नाही. त्याने गाडीतली एकूण एक वस्तू उघडून पाहिली, फक्त देवाच्या फ्रेमला हात लावला नाही. देवाला कोण हात लावणार? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं चाललेलं.

एका सकाळी सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. नंबर मोठ्या मुश्किलीने मिळालेला. गाडी मेलेली. त्या दिवशी ढकलूनही सुरू होईना आणि नंबर गेला. रविवारी दीर आले. शिरा खाल्ला, हात पुसले आणि निकाल दिला.

"जुन्या गाडीचं लॉक झिजलेलं असतं. किल्ली अर्धी फिरवली तरी बाहेर येते. मग पंखा, वायपर सगळं रात्रभर चालू राहतं. किल्ली पूर्ण मागे फिरवायची असते. हिला ते जमत नाही."

"मी पूर्ण फिरवते, भावोजी," मी म्हटलं. "किल्ली काढली की पंखा बंद झालेला मी स्वतः बघते, मगच उतरते." डॅशबोर्डवर एक छोटा पंखा होता. त्याचं बटण केव्हाचं मोडलेलं, तो किल्लीवरच सुरू आणि किल्लीवरच बंद व्हायचा.

"अगं, तुला वाटतं तसं. बायकांचं लक्ष दहा ठिकाणी असतं." मग माझ्याशी बोलणं संपल्यासारखं त्यांनी भावाकडे वळून सांगितलं, "किल्ली तुझ्याकडे ठेव. माझ्याकडे इतकी वर्षं होती, कधी कुरकुरली का गाडी?"

मिस्टर उठले. दाराजवळच्या हुकाला माझी किल्ली असायची, ती काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "दादा म्हणतोय तर थोडे दिवस बघू या ना." मी आत जाऊन शिऱ्याचं पातेलं घासायला घेतलं आणि ते इतकं घासलं की त्याची कल्हई गेली. त्या माणसाला मी सोडणार नव्हते.

आता गंमत ऐका. त्यानंतर गाडी मिस्टर चालवायचे, फक्त रविवारी. तरी मध्येच बॅटरी उतरायची. मग दिरांना फोन. दीर फोनवर म्हणायचे, बॅटरी कंपनीचा माल हल्ली खराबच येतो. माझ्या हाती उतरली तर माझा हात वाईट, भावाच्या हाती उतरली तर बॅटरी वाईट! मी ऐकून घेत होते. डूख धरलेली बाई फार शांत असते, हे आमच्या घरात कोणाला माहीत नव्हतं.

आणि एका रविवारी मला पुरावा मिळाला. आम्ही तिघं कुठूनतरी परत येत होतो. मिठाईच्या दुकानासमोर मिस्टरांनी गाडी थांबवली, किल्ली काढली, खिशात टाकली. पंखा थांबला. पेट्रोलचा काटा खाली पडला, किल्ली काढली की पडतो तसा. मी पुढे बसलेले, सासूबाई मागे. मिस्टर उतरले. त्या गाडीचं दार आपटल्याशिवाय लागायचं नाही. एरवी ते दोनदा हळू लावून बघायचे, पण मागून बस हॉर्न मारत होती म्हणून त्यांनी धाडकन आपटलं आणि ते दुकानात गेले.

पंखा सुरू झाला. पेट्रोलचा काटा हळूहळू वर चढला.

मी दोन्ही हात मांडीवर धरून बसले. हलायची भीती वाटत होती, हललं तर बंद होईल म्हणून. म्हटलं, "आई, किल्ली कुठे आहे?"

"त्याच्या खिशात. का गं?"

"मग हा पंखा कोणी लावला?"

सासूबाई पुढे वाकल्या. पंख्याचा वारा त्यांच्या चेहऱ्यावर आला. थोडा वेळ बघून म्हणाल्या, "तू तर हात लावला नाहीस. मी बघत होते." मला लग्नातसुद्धा इतका आनंद झाला नव्हता. आणि मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं, की हे आत्ता कोणाला बोलायचं नाही. त्यांनी कारण विचारलं नाही. म्हणजे माझ्यासारखं काहीतरी त्यांच्याही मनात होतं, हे मला नंतर समजलं.

मिस्टरांना तेव्हाच दाखवता आलं असतं. पण मग काय झालं असतं? ते म्हणाले असते, अरे वा, आणि दिरांना फोन केला असता, आणि दीर म्हणाले असते, मी सांगतच होतो लॉक झिजलंय. मला अर्धवट काही नको होतं. मुळासकट हवं होतं.

पुढच्या आठवड्यात मी रजा काढली. मिस्टर ऑफिसला गेले, किल्ली घेऊन. त्या गाड्यांना पुढच्या काचेशेजारी एक तिकोनी काच असायची, ती बाहेरून बोटांनी सरकवता यायची. मी हात घालून दार उघडलं. स्वतःच्याच गाडीत चोरासारखं शिरावं लागलं, त्याचाही हिशेब मी दिरांच्याच नावावर टाकला.

दार आपटलं. लगेच काही झालं नाही. पुन्हा आपटलं. काटा वर चढला. हे ठरलं, की भानगड दार आपटण्यात आहे, किल्लीत नाही. मग बॉनेट उघडलं. पंखा, वायपर आणि काटे यांचा मिळून एकच फ्यूज होता. मेकॅनिकने तो कितीदा दाखवलेला. मी तो काढून हातात घेतला. आता या तिघांना वीज मिळायला रस्ताच नव्हता. आत जाऊन बघते तर पंखा चालूच.

मी तिथेच बसून हसले. पुढचं दार बंद केलं आणि तरी माणूस घरात आहे, म्हणजे तो मागच्या दाराने आला. आमच्या ऑफिसच्या टेलिफोनच्या बोर्डावर असं रोज व्हायचं. दोन वायरी कुठेतरी एकमेकींना चिकटायच्या आणि मुलुंडच्या माणसाला भिवंडीचं भांडण ऐकू यायचं. हे क्रॉस कनेक्शन होतं. दुसऱ्या कुठल्यातरी वायरीतली वीज पंख्याच्या वायरीत उलटी शिरत होती. आणि किल्लीशिवाय सतत जिवंत असलेली वायर त्या डॅशबोर्डवर एकच होती. मी वर बघितलं. गणपतीसमोर लाल दिवा शांतपणे जळत होता.

वायरीला हात घालायचा तर आधी बॅटरी सोडवावी लागते, एवढं मेकॅनिककडे बघून समजलेलं. मी पाना घेऊन गेले. तो लागलाच नाही. दोन कानांचा तो नट बोटांनी लोण्यासारखा फिरला. आजूबाजूचे सगळे नट गंजून लाल झालेले आणि हा एकटाच चकचकीत, कानांवर बोटांनी घासून घासून झळाळी आलेली. मी वायर उचलली. आत लाल दिवा विझला.

वर गॅलरीतून सासूबाईंची हाक आली, "अगं, चहा टाकू का?" दिवा विझलेला आणि त्या चहा विचारत होत्या.

मी नट तळहातावर घेऊन उभी राहिले. कोण लावतं असा नट? ज्याला बॅटरी रोज सोडवायची असते तो. दिरांच्या डोंबिवलीच्या घरीही हीच गाडी होती, हेच दार, हेच आपटणं. त्यांच्याकडेही बॅटरी उतरतच होती. दोष शोधायची अक्कल नव्हती, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी येऊन गुपचूप बॅटरी सोडवत होते आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठून लावत होते. म्हणून गाडी कधी कुरकुरली नाही. आणि म्हणूनच ते मला सांगू शकत नव्हते, की अगं, रात्री नट सोडवून ठेव. कारण नट सोडवला की दिवा विझतो. अखंड दिवा वर्षानुवर्षं रोज रात्री स्वतःच्या हाताने विझवायचा आणि वर मला म्हणायचं, तुला किल्ली फिरवता येत नाही! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या.

मी देवाला नमस्कार केला, फ्रेम उचलली. मागे त्यांची करामत होती. दिव्याला आधी किल्लीवरची, पंख्याकडून आलेली वायर होती. ती तोडून त्यांनी बॅटरीची नवी वायर पिळून लावली होती. तोडलेल्या वायरीचं उघडं टोक तसंच लोंबत ठेवलेलं. चिकटपट्टी नाही, काही नाही. दार आपटलं की ते टोक हलायचं आणि दिव्याच्या पिळाला जाऊन टेकायचं. मी टोक वळवून त्याला पट्टी गुंडाळली, पिळालाही गुंडाळली. बॅटरीला कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडचा साधा नट लावला. फ्यूज बसवला. मग दार आपटत बसले. तळमजल्यावरचे काका बाहेर आले आणि म्हणाले, "वहिनी, दार तुटेल." म्हटलं, "तुटू दे." काटा हलला नाही.

दोन कानांचा नट मी पदराच्या टोकाला बांधून वर नेला आणि चहा प्यायले.

दिरांकडे सासूबाईंच्या ऑपरेशनच्या दिवसाची दरवर्षी सत्यनारायणाची पूजा असायची. अर्धी डोंबिवली लोटल्यासारखी माणसं यायची. त्या वर्षी आम्ही गेलो, मिस्टर चालवत, मी शेजारी. पूजा झाली, कथा झाली, आणि आरतीआधी दिरांनी त्यांची स्वतःची कथा लावली. नवस, दवाखाना, दिवा. "आजतागायत," ते म्हणाले, "एक क्षण विझू दिलेला नाही. आई समोर बसली आहे." सासूबाईंनी सवयीने मान खाली घातली.

आरती झाली. तबक फिरत आलं. लोक दक्षिणा टाकत होते. मी पदराची गाठ सोडली आणि नट तबकात टाकला. खण्‌ असा आवाज झाला.

तबक दिरांच्याच हातात होतं. त्यांनी खाली बघितलं आणि तो नट त्यांनी लगेच ओळखला. चेहरा असा उतरला, की मी तो फ्रेम करून ठेवला असता.

"हे काय टाकलंस?" सासूबाईंनी विचारलं.

"भावोजींची वस्तू आहे, आई. गाडीबरोबर चुकून आमच्याकडे आली. बॅटरी सोडवायचा नट. रोज रात्री त्यांना लागायचा." मी सगळ्यांना ऐकू जाईल असं, बोर्डावर बोलते तसं स्वच्छ बोलले. "तो सोडवला की गाडीत सगळं बंद होतं. देवाचा दिवासुद्धा."

माझी जाऊ दारात प्रसादाचे द्रोण घेऊन उभी होती. ती नवऱ्याकडे अशी बघत होती, जसं काही पहाटे गाडीपाशी जाऊन हे काय करतात ते तिला आज उलगडलं.

दीर म्हणाले, "नाही, तसं नाही... आई, बॅटरी उतरायची गं रोज. सकाळी वर्कशॉपला कसं जाणार? मी काय करणार होतो?"

"म्हणजे तुमच्याकडेही उतरायची?" मी म्हटलं. "किल्ली तर तुम्ही पूर्ण फिरवत होता ना, भावोजी?"

मिस्टर माझ्या बाजूला उभे होते. त्यांचे कान लाल झाले. आणि सासूबाई, ज्यांनी इतकी वर्षं या कथेत मान खाली घातली होती, त्यांनी ती वर केली. तबकातून नट उचलला, चष्म्याजवळ धरून बघितला.

"रोज रात्री विझवायचास?"

दीर तबकातली नाणी बोटाने सारखी करायला लागले.

"अरे, मग मी माझ्याच जोरावर जगले की!" असं म्हणून त्या हसायला लागल्या. आधी हळू, मग अंग हलवून. पाहुण्यांतल्या दोन-तीन बायकाही हसल्या. दीर तबक घेऊन तसेच उभे होते, कापूर विझेपर्यंत.

प्रसाद घेऊन आम्ही खाली उतरलो. मिस्टरांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्यापुढे धरली. "घे," म्हणाले. "मी बघायला हवं होतं." मी हो म्हटलं, कारण हवंच होतं. ते मागे बसले. सासूबाईंनी पुढे बसायचा हट्ट धरला.

दीर रीत म्हणून गेटपर्यंत आले. मी स्टिअरिंगमागे बसले, दार अजून उघडं होतं. काहीतरी बोलायला हवं म्हणून असेल, ते म्हणाले, "दार जरा हळू लाव. जुनी गाडी आहे."

मी त्यांच्याकडे बघत दार आपटलं. इतक्या जोरात, की वरच्या गॅलऱ्यांतून लोक वाकून बघायला लागले. मग किल्ली न लावता मी आणि सासूबाई, दोघी काट्याकडे बघत बसलो. काटा पडून राहिला, पंखा गप्प, आणि दीर तिथेच उभे. पुरेसा वेळ त्यांना तसं उभं ठेवून मी गाडी सुरू केली.